पागेपासून दिवाणखान्यापर्यंत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका जुन्या सरदारी कोठीत स्टेकहाउस, म्हणजे मांसाचे जाड काप भाजून देणारे रेस्टॉरंट, सुरू झाल्याचे दसऱ्यापासून कानावर होते. परंतु तेथे जेवायला जाण्याचा योग डिसेंबरात, तानसेन समारोहासाठी माझा भाचा पुण्याहून आला तेव्हा जुळून आला. भाचा व्यवसायाने स्वयंपाकी आहे. ‘शेफ’ म्हटले की त्याच्या आईला बरे वाटते, पण तो स्वतः स्वयंपाकी हाच शब्द वापरतो, म्हणून मीही तोच वापरते. मी सरकारी पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षे इमारत-बांधकाम शिकवून निवृत्त झाले आहे. त्यामुळे त्या रात्री आमच्या टेबलाशी ताटाकडे पाहणारा एक, भिंतीकडे पाहणारी एक आणि आम्हा दोघांना कंटाळून घड्याळाकडे पाहणारे आमचे हे, अशी तीन माणसे बसली होती.

रेस्टॉरंटचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे दोन-तीन तक्रारी येणार आहेत, आणि पडायला आलेल्या कोठीला पुन्हा दिवे लावणाऱ्या माणसांच्या धंद्यावर माझ्या लिहिण्याने पाणी पडावे अशी माझी इच्छा नाही. ग्वाल्हेरकरांना कोठी ओळखू येईलच.

ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की लष्कर हे आमच्याकडे फौजेचे नव्हे, तर शहराच्या एका भागाचे नाव आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेचा तळ दिला आणि तो तळ पुन्हा उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती बाजार वसले, आणि दख्खनमधून आलेले सरदार, मानकरी, शिलेदार, कारकून आणि शास्त्री येथलेच झाले. आम्ही त्यांतल्या कारकुनांच्या वंशातले. पुढे सरदारांपैकी ज्यांना साहेबी थाटाची हौस होती त्यांनी वाड्याऐवजी कोठी बांधली, म्हणजे दर्शनी बाजूला विलायती कमानी आणि बग्गी थेट पायऱ्यांशी लागेल असा पोर्च उभारला, आणि आत मात्र वाड्याचाच चौक ठेवला. आम्ही जेवलो ती कोठी या जातीची आहे.

ही कोठी मला वीस-एक वर्षांपासून ठाऊक आहे. त्या वेळी तिच्यात एका सरकारी खात्याचे जुने दप्तर होते, आणि मी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन तिची मापे काढायला गेले होते. दिवाणखान्यात छताला टेकतील एवढे फायलींचे गठ्ठे, चौकात बाभळी आणि मागच्या पागेत मोडक्या खुर्च्या, असा तो देखावा होता. मुलांना टेप धरायला जागा मिळेना. तरीही त्या दोन दिवसांत छत कसे टाकतात हे मुलांना वर्गातल्या महिन्याभराच्या शिकवणीपेक्षा अधिक कळले, कारण ग्वाल्हेरी छत पाहिल्याशिवाय समजत नाही. येथे वालुकाश्म मुबलक आहे आणि त्याच्या लांब, सपाट फरशा निघतात, ज्यांना आमच्याकडे पटिया म्हणतात. भिंतीवरून भिंतीवर किंवा कमानीवरून कमानीवर त्या आडव्या टाकायच्या, वर चुन्याचा कोबा करायचा, की छत तयार. लाकूड नाही, त्यामुळे वाळवीचे भय नाही. मात्र दगड वाकत नाही, एकदम तुटतो; म्हणून दालन रुंद करायचे तर मध्ये कमानींची रांग हवीच. या कोठीचा दिवाणखाना एवढा देखणा दिसतो तो त्या कमानींमुळे, आणि त्या कमानी शोभेसाठी नाहीत, हे नव्या मालकांना कोणीतरी वेळेवर सांगितलेले दिसले. त्यांनी एकही कमान हलवलेली नाही.

आणखीही काही गोष्टी त्यांनी समजून केल्या आहेत. विजेच्या तारांसाठी भिंती खोदलेल्या नाहीत. तारा पितळी नळ्यांतून उघड्याच नेल्या आहेत आणि त्या शोभतातही. वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे डबे छतावर न ठेवता मागच्या आवारात जमिनीवर ठेवले आहेत. चौक काचेने झाकण्याचा मोह त्यांना झाला नाही, याबद्दल तर मी त्यांना मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. चौक ही अशा घराची नासिका असते, आणि झाकली की घर तोंडाने श्वास घेऊ लागते.

परंतु भिंती पाहून जीव हळहळला. ‘उघड्या दगडाची भिंत’ ही सध्याची हौस आहे, आणि त्या हौसेपायी दिवाणखान्याच्या तीन भिंतींवरचा चुन्याचा गिलावा खरवडून काढला आहे. आतला दगड घडीव असता तर गोष्ट वेगळी होती. आत आहे ती अनघड दगडांची चुन्यात भरलेली भिंत, जी कधीच कोणाला दाखवायची नव्हती. गिलावा हे तिचे कातडे होते; पावसाळ्यात ओल शोषून घ्यायचे आणि उन्हाळ्यात बाहेर सोडायचे काम ते करीत असे. आता दगडांच्या मधले चुन्याचे सांधे उघडे पडले आहेत आणि जेथे ते झडले तेथे सिमेंट भरले आहे. सिमेंट ओल सोडत नाही. ती ओल बाजूच्या दगडातून वाट काढते, येताना क्षार घेऊन येते, आणि मग भिंतीला खार फुटतो. आमच्या टेबलाशेजारी गुडघ्याच्या उंचीवर ती पांढरी भुकटी दिसू लागली होती. दर्शनी खांबांवरचा जुना तैलरंग तर ग्राइंडरने काढला आहे, त्यामुळे नक्षीच्या पाकळ्यांवर नाण्याएवढे अर्धगोल ओरखडे उमटले आहेत. १८८३ च्या कलकत्ता प्रदर्शनासाठी एक संपूर्ण नक्षीदार प्रवेशद्वार घडवून पाठवणाऱ्या गावचा हा दगड आहे. ते द्वार आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. रंग काढायचे मलम मिळते, ओले पोटीस मिळते, आणि काही नाही तर धीर मिळतो. ग्राइंडर का?

“मावशी, मेनू बघ,” भाचा म्हणाला. बहुधा तिसऱ्यांदा म्हणाला असावा.

मेनूमध्ये स्टेक या एका शब्दाखाली बरेच काही गोळा केले होते. मध्य प्रदेशात गोवंशाच्या हत्येला कायद्याने बंदी आहे आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तशी मागणी करणारे कोणी मला माहीत नाही. त्यामुळे विलायतेत स्टेक म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते ते येथे नसणार, हे उघड होते. मटण होते, कोंबडी होती, मासा होता, आणि पनीरचा एक जाड चौकोनही स्टेक या नावाने होता. ह्यांनी त्यावर नाक मुरडले. भाच्याने मात्र त्यांना सांगितले की शब्दाच्या दृष्टीने त्यात फारसे चुकीचे नाही. स्टेक हा शब्द इंग्रजीत आला तो जुन्या नॉर्स भाषेतून, आणि तेथे त्याचा संबंध शिगेला टोचून भाजण्याशी होता; प्राणी कोणता हे त्या शब्दात नाही. माशाच्या बाबतीत तर काट्यासकट आडवा कापलेला जाड काप म्हणजे स्टेक. म्हणजे आमच्या सुरमईची तुकडी. आम्ही कायस्थ प्रभू. पिढ्यान्‌पिढ्या तुकड्या तळत आलो आणि आपण स्टेक खात आहोत हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ह्यांनी मासा सांगितला. आम्ही दोघांनी मटणाचा स्टेक सांगितला, मधला भाजलेला, म्हणजे आतून किंचित गुलाबी. भाच्याने वेटरला विचारले की काप कोठला आहे. वेटर आत जाऊन विचारून आला: रानेचा, म्हणजे मागच्या मांडीचा, नळीसकट आडवा. या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले, कारण बोकडाच्या मटणात स्टेक काढायला अडचण आहे ती येथेच. पाठीचे मांस सर्वांत मऊ, पण आपला बोकड लहान असतो. त्याच्या पाठीचा मऊ पट्टा इतका बारीक असतो की त्याचा चाप (चॉप) होतो, स्टेक होत नाही. राहते ती रान. रानेचा आडवा काप घेतला तर मध्ये नळीचे वर्तुळ येते आणि तिच्याभोवती चार-पाच वेगवेगळे स्नायू, प्रत्येकाचे धागे निराळ्या दिशेला गेलेले. काही मऊ, काही चिवट. त्यांना एकाच आचेवर, एकाच वेळी न्याय द्यायचा म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वाटण्या करण्यासारखे आहे.

आम्ही बसलो होतो तो दिवाणखाना त्या रात्री भरलेला होता आणि आवाजाने दणाणत होता. दगडी फरशी, दगडी छत, उघड्या भिंती आणि काचेची दारे; आवाज मुरायला कोठे जागाच नाही. पूर्वी याच दालनात जाजमे, गाद्या, लोड, भरजरी पडदे असत आणि गवयाची खर्जातली कुजबुजही शेवटच्या माणसाला ऐकू जाई. आता शेजारच्या टेबलावरच्या वाढदिवसाची सगळी हकिगत आम्हाला कळली, आणि ह्यांना माझे बोलणे कळेना.

स्टेक आला तो बावीस मिनिटांनी. दिसायला उत्तम होता. वरचा थर गडद तपकिरी, कडेची चरबी सोनेरी, नळीत मगज थरथरणारा. मी पहिला घास घेतला आणि तो टाळूला चिकटला.

हे चिकटणे ज्यांनी मटण रांधले आहे त्यांना सांगायला नको. रश्श्याचे पातेले थंडीत रात्रभर बाहेर राहिले की सकाळी वर पांढरा थर धरतो. मटणाची चरबी चटकन थिजते. घास कोमट झाला की ती तोंडातच थिजू लागते आणि मेणबत्ती चावल्यासारखे वाटते. मांस आतून कोमट होते, कडेने थंड होते आणि बशी तर गारच होती. ह्यांच्या माशाचीही तीच अवस्था होती, पण ते लिंबू पिळून मुकाट्याने खात होते, कारण त्यांना भूक लागली होती.

भाच्याने आपला तुकडा कापला, कापलेली बाजू फोनच्या उजेडात धरली आणि बोटाने दाबून पाहिली. “मावशी, भाजण्यात चूक नाही गं. गुलाबी बघ, सगळीकडे सारखा आहे. रस पण बशीत सांडलेला नाही, म्हणजे भाजल्यावर थोडा वेळ ठेवलाय. ज्याने केलंय त्याला येतंय. फक्त पोचायला उशीर झालाय.”

मग त्याने मला जे समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत लिहिते. चांगला स्टेक म्हणजे दोन तापमानांचा तोल असतो. बाहेरचा थर तपकिरी आणि खमंग व्हायचा तर पृष्ठभागाचे तापमान १४० अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते. आतले मांस मात्र ६० च्या आसपास राहायला हवे, कारण त्याच्या पुढे स्नायूंचे धागे आखडतात आणि पाणी पिळून टाकतात. विस्तवावरून उतरवल्यावर बाहेरची उष्णता आत सरकते आणि आतले तापमान आणखी दोन-चार अंश चढते. या काळात काप स्वस्थ ठेवायचा असतो, नाहीतर सुरी लावताच रस वाहून जातो. तो विसावा संपला की खाण्याची घटका येते, आणि ती घटका फार लहान असते. आमटी वाट पाहते, स्टेक पाहत नाही.

“कुठे भाजतात हे?” त्याने वेटरला विचारले. वेटरने चौकापलीकडे बोट दाखवले. पागेत.

मी उठले. बांधकाम शिकवलेल्या माणसाला पावलांनी अंतर मोजायची वाईट सवय असते. दिवाणखान्यातून ओसरी, तीन पायऱ्या, उघडा चौक, पलीकडच्या दोन पायऱ्या आणि पागेचा उंबरठा: आमच्या टेबलापासून चौसष्ट पावले भरली. त्यांतली चाळीस उघड्या आकाशाखाली. ग्वाल्हेरच्या डिसेंबरातली रात्र; तोंडातून वाफ निघत होती. एक पोरगा हातावर दोन बश्या तोलत, पायऱ्यांवर जपून पाय देत माझ्यासमोरून गेला. वाटेत पाहुण्यांचा एक घोळका फोटो काढीत होता. तो थांबला, फोटो होऊ दिला आणि पुढे गेला. कोणाचा तरी स्टेक त्या फोटोत खर्ची पडला.

आता यात दोष कोणाचा म्हणावा? विस्तव पागेत नेणे हा निर्णय बरोबरच होता. पागा एकमजली आहे, तिची दारे उंच आहेत, आणि वरच्या झरोक्यांतून धूर आपोआप निघून जातो. कोळशाची शेगडी दिवाणखान्याशेजारी मांडली असती तर वर्षभरात त्या वालुकाश्मावर तेलकट काजळीचा थर बसला असता आणि मग पुन्हा ग्राइंडर आला असता. मूळ बांधणाऱ्यांनीही हेच केले होते. मोठ्या घरांत मुदपाकखाना नेहमी लांब असे. आगीचे भय, धुराचा आणि वासाचा त्रास, आणि रांधणाऱ्यांनी वाढण्याच्या जागेपासून दूर राहावे असा दर्जाचा हिशेब, ही त्याची कारणे. या अंतराचा कळस पाहायचा तर इंदूरच्या लालबागेत जावे. होळकरांच्या त्या राजवाड्याचे स्वयंपाकघर खान नदीच्या पलीकडच्या काठावर होते आणि ताटे भुयारी वाटेने नदीखालून येत.

मग राजेलोक थंड जेवत होते काय? जेवत नव्हते, कारण त्या मुदपाकखान्यांत जे शिजत असे ते या अंतराला सरावलेले होते. पुलाव दमावरून उतरला की तासभर तसाच राहतो. कोरमा, रस्सा, पायाचे सूप हे खोल भांड्यात येते, वर सरपोस असते, आणि वाट पाहून ते बिघडत नाही, उलट मुरते. पाने मांडून पंगत बसेपर्यंत वेळ जातो हे गृहीत धरूनच तो सारा स्वयंपाक योजलेला असे. येथल्या जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी सर्वांना ठाऊक आहे. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी बांधलेल्या त्या वाड्यातल्या दरबार हॉलची साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरे आणि छताची ताकद अजमावायला वर चढवलेले हत्ती यांच्याइतकीच ती प्रसिद्ध आहे. शाळेच्या सहलीत पाहिल्यापासून मी समजत होते की ती गाडी जेवण वाढीत असे. खरे म्हणजे ती फिरे जेवणानंतर, ब्रँडी आणि सिगार घेऊन. जी वस्तू गार होत नाही तीच रुळांवर घातली होती. त्या रात्री चौकात उभी असताना मला त्या योजनेतला शहाणपणा प्रथमच उमगला.

स्टेक जन्मला तो याच्या उलट जातीच्या घरात, जेथे विस्तव आणि गिऱ्हाईक एकाच छताखाली असतात, भाजणाऱ्याला खाणारा दिसतो, आणि मध्ये चार-पाच पावले असतात. म्हणून ऐतिहासिक इमारत आणि स्टेकहाउस यांची सोयरीक जमवणे मुळातच अवघड. ती जमतच नाही असे नाही. भाचा शिकायला मँचेस्टरला होता तेव्हा डीन्सगेट रस्त्यावर जुन्या न्यायालयाच्या इमारतीत असलेल्या हॉक्समूर या स्टेकहाउसमध्ये तो एकदा जेवला होता. (काय जेवला हे आईला सांगायचे नाही या अटीवर त्याने मला सांगितले.) त्याचे म्हणणे असे की न्यायालयाला किंवा बँकेला स्वयंपाकघर कधी नव्हतेच, त्यामुळे ते कोठे करायचे हे नव्या माणसाला मोकळेपणाने ठरवता येते. राजवाड्याला आणि कोठीला ते होते, लांब होते, आणि तेच आडवे येते.

मी परत आले तेव्हा आमचे टेबल रिकामे होते. वेटरने सांगितले की साहेब पागेत गेले आहेत, दोघेही. भाचा तेथे मुख्य स्वयंपाक्याशी बोलत उभा होता आणि हे शेगडीपाशी हात शेकत होते. मुख्य स्वयंपाकी हा पंचविशीतला, बोलायला संकोची मुलगा निघाला. त्याने काही लपवले नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी लोखंडी तापलेल्या तव्यावर स्टेक पाठवून पाहिला, सिझलरसारखा. तो गरम पोचला, पण वाटेत तव्यावर शिजतच राहिला आणि आतला गुलाबी रंग जाऊन वातड झाला. मग झाकण घालून पाठवला. झाकणाखाली वाफ धरली आणि वरचा खमंग थर ओला झाला. मग बश्या तापवून पाठवू लागले, ते बरे चालले होते, पण बश्या तापवायचे यंत्र त्या आठवड्यात बिघडले होते. भाचा ऐकत होता आणि मान हलवत होता. हे तिन्ही प्रयोग त्याने स्वतः केलेले असावेत.

“इथेच बसवा ना आम्हाला,” भाचा त्याला हिंदीत म्हणाला.

पागेच्या ओसरीवर दोन लहान टेबले होती, बहुधा नोकरांच्या जेवणाची. त्यांतल्या एकावर आम्ही बसलो. पाठीमागे जुन्या दावणीच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच होत्या, आणि गंमत म्हणजे पागेच्या भिंतींवरचा चुन्याचा गिलावा शाबूत होता. घोड्यांच्या जागेवर नटवण्याचा खर्च करावा असे कोणाला वाटले नसावे. हात लावला तर तो कोरडा आणि उबदार लागला. त्या कोठीतली सर्वांत निरोगी भिंत ती.

मुलाने दुसरी रान बाहेर काढली आणि आमच्यासमोर काम केले. या वेळी भाच्याच्या सांगण्यावरून त्याने आडवा काप घेतला नाही. नळीच्या कडेने सुरी फिरवून स्नायू एकेक सुटे केले, त्यांतला एक, हाताच्या पंजाएवढा, मऊसा निवडला, वरची पांढरी झिल्ली सुरीच्या टोकाने उचलून सोलून काढली आणि बाकीचे खिम्यासाठी बाजूला टाकले. मीठ त्याने आधी लावून ठेवलेले नव्हते, म्हणून अगदी विस्तवावर टाकताना लावले. मधल्या वेळी लावले तर पृष्ठभागावर पाणी सुटते आणि ते आटेपर्यंत रंग धरत नाही. शेगडीची एक बाजू निखाऱ्यांनी भरलेली होती आणि दुसरी जवळजवळ रिकामी. काप आधी भरलेल्या बाजूवर पडला. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून भडका उडाला की तो चिमट्याने सरकवायचा, भडका बसला की परत आणायचा. दोन्ही बाजूंना रंग आल्यावर तो रिकाम्या बाजूला गेला, पोटात सुईचा थर्मामीटर गेला, आणि आकडा ५८ झाल्यावर लाकडी पाटावर आला. पाच मिनिटे कोणी त्याला हात लावला नाही. हे लावू पाहत होते.

मग धाग्यांच्या आडवे काप करून त्याने पाटच आमच्यापुढे ठेवला. सहा पावले.

या स्टेकबद्दल मी फार लिहिणार नाही. बाहेरचा थर दाताखाली किंचित कुरकुरला, आत रस होता, चरबी तोंडात वितळली आणि टाळू मोकळी राहिली. मसाला म्हणून मीठ, मिरी आणि धूर. आले-लसूण नाही, वाटण नाही, तिखट नाही. आणि मटणात वाटण नाही म्हणजे काहीतरी राहून गेले असे मला शेवटपर्यंत वाटत राहिले, हेही कबूल करते. आमच्या घरच्या खिम्याच्या कानवल्यांशी मी याची तुलना करणार नाही. पण मटणाला स्वतःची चव असते आणि ती आपण इतकी वर्षे खोबऱ्याखाली झाकून ठेवली होती, हे त्या रात्री प्रथम कळले. सोबतचे उकडलेले बटाटे ठीक. कॉर्नचे सूप विसरण्याजोगे. शेवटी आलेला पुडिंगचा प्रकार ह्यांनी एकट्याने संपवला, तेव्हा तो चांगला असावा.

बिलात पहिल्या दोन स्टेकचे पैसे लावलेले नव्हते. आम्ही ते आग्रहाने लावून घेतले, कारण भाजण्यात चूक नव्हती. एक स्टेक साडेआठशे रुपयांचा आहे; ग्वाल्हेरच्या मानाने महाग, पण त्यात रानेचा निम्मा भाग खिम्यात जातो हे डोळ्यांनी पाहिल्यावर महाग वाटत नाही.

मालक निघताना दाराशी भेटले. त्यांना मी कागदी रुमालावर कोठीचा ढोबळ आराखडा काढून दाखवला. चौकाच्या पूर्वेकडची पडवी, जिच्यात सध्या टाकीचे सामान आणि जादा खुर्च्या आहेत, ती पागेला लागून आहे आणि तिच्या भिंतीत एक बुजवलेली खिडकी आहे. वीस वर्षांपूर्वी आम्ही तिचे माप घेतले होते, दीड हात रुंद, दोन हात उंच. ती उघडली तर बश्या पागेतून सरळ पडवीत येतील आणि पडवीत आठ टेबले बसतील. भिंत पाडायची गरज नाही, कमानीला हात लावायची गरज नाही. दिवाणखान्यात सूप, पुलाव, बिर्याणी, रस्सा असे काय ते वाढावे; ती जागा त्याचीच आहे. आणि कृपा करून सिमेंटचे सांधे काढून चुना भरावा, हेही सांगितले. खिडकीचे त्यांनी मन लावून ऐकले. चुन्याचे ऐकताना ते फोनकडे पाहत होते.

जाणार असाल तर उन्हाळ्यात जाऊन उपयोग नाही. पागेच्या ओसरीवर विस्तवाशेजारी बसवणार नाही. फेब्रुवारीपर्यंत जा, आणि टेबल राखताना दिवाणखाना नको, मागची ओसरी हवी, असे स्पष्ट सांगा. ते एकदा नाही म्हणतील, कारण फोटो दिवाणखान्यात चांगले येतात. नळीसकट काप नको, सुटा स्नायू हवा, हेही सांगा. शाल न्या.

पहिल्या स्टेकमधला उरलेला मोठा तुकडा मी बांधून आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बारीक चिरून कांदा, आले-लसूण आणि घरच्या मसाल्यावर परतला, वर ओले खोबरे घातले. भाच्याने पुण्याची गाडी पकडण्यापूर्वी त्याबरोबर तीन पोळ्या खाल्ल्या.